पाळी गेल्यानंतरची जिभेची आग

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. वयाच्या ४९ व्या वर्षी माझी पाळी पूर्णपणे थांबली आणि त्याच सुमारास जिभेच्या शेंड्याला आग होऊ लागली. तिथे फोड नव्हता, जखम नव्हती, सूजही नव्हती. त्या आगीचे कारण शोधण्यात, ते कळल्यावर ते स्वीकारण्यात आणि नंतर तिच्यावर उपचार घेण्यात माझा बराच काळ गेला. आमच्या भागात हे दुखणे सोसणाऱ्या बायका कमी नाहीत, पण पाळी जाण्याचा आणि तोंडाचा काही संबंध असू शकतो हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मलाही कोणी सांगितले नव्हते, म्हणून हा अनुभव शक्य तितक्या तपशिलाने लिहीत आहे.

सकाळी उठल्यावर तोंड अगदी शांत असे. परिपाठ संपेपर्यंत काही जाणवत नसे. दुसऱ्या तासाला जिभेच्या टोकाशी चरचर सुरू होई, मधल्या सुट्टीनंतर ती जिभेच्या दोन्ही कडांवर पसरे आणि दिवेलागणीच्या वेळेपर्यंत टाळूचा पुढचा भाग आणि खालच्या ओठाची आतली बाजूही पेटलेली असे. गरम चहाने पोळलेली जीभ दुसऱ्या दिवशी जशी हुळहुळते, तशी माझी जीभ रोज होत होती. फरक एवढाच, की पोळलेली जीभ दोन दिवसांत बरी होते. शिवाय तोंडात धातूसारखी कडवट चव राहू लागली आणि लाळ सुटत असूनही तोंड कोरडे वाटू लागले. वर्गात सलग बोलणे अवघड झाले. फळ्याकडे तोंड करून मी पाण्याचा घोट घेई आणि मग पुढचे वाक्य बोले.

यात एक गोष्ट अशी होती, जिच्यामुळे घरच्यांनाही माझे म्हणणे खरे वाटेना. जेवताना आग थांबत असे. भाकरीचा घास तोंडात असेपर्यंत बरे वाटे आणि हात धुऊन उठले, की थोड्या वेळात पुन्हा तेच. जाऊबाई एकदा सरळच म्हणाल्या, "जेवताना तर काहीच होत नाही तुम्हाला, मग तोंड दुखतं कसं?" माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते. पुढे तज्ज्ञांकडे गेले तेव्हा कळले, की खाताना कमी होणारी आणि संध्याकाळकडे वाढत जाणारी आग ही बर्निंग माउथ सिंड्रोम, म्हणजे तोंडाच्या आगीच्या विकाराची ओळखच आहे. ज्या लक्षणामुळे मला खोटे ठरवले जात होते, त्याच लक्षणावरून शेवटी निदान झाले.

आमच्याकडे तोंडाचे कोणतेही दुखणे आधी उष्णतेच्या खात्यात जमा होते. सासूबाईंनी शंखजिरे लावायला दिले, जाईचा पाला चघळायला लावला, रात्री सब्जा भिजत घातला आणि उन्हाळाभर गुलकंद खाऊ घातला. त्यांच्या मायेबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. पण हे सारे उपाय तोंड आल्यावर करायचे आणि माझे तोंड आलेले नव्हते. औषधाच्या दुकानातून आणलेल्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या झाल्या. मग एका डॉक्टरांनी बुरशी असेल म्हणून क्लोट्रिमाझोलचे माउथ पेंट दिले. जिभेवर पांढरा थर नव्हता, तरी ते मी नेमाने लावले.

त्यानंतर एका दातांच्या दवाखान्यात गेले. तिथे एका दाढेत जुनी कीड दिसली आणि आगीचे मूळ तीच आहे असे सांगण्यात आले. दाढेवर ठोकून पाहिले तर ती दुखत नव्हती, थंड-गरमही लागत नव्हते. तरीही रूट कॅनॉल झाले, त्यावर कॅप बसली, पैसे गेले आणि आग जिथल्या तिथे राहिली. शेजारची दाढही काढून पाहू, असे जेव्हा सुचवले गेले, तेव्हा मी थांबले. हे मी त्या दवाखान्यावर राग म्हणून लिहीत नाही. कारण न कळलेल्या तोंडाच्या दुखण्यात निरोगी दात एकामागून एक काढले जाण्याचे प्रकार जगभर घडतात आणि त्यांची वैद्यकीय साहित्यात नोंद आहे. म्हणून ज्यांना असे दुखणे आहे त्यांना माझे सांगणे आहे, की दाताचा दोष एक्स-रेमध्ये आणि तपासणीत स्पष्ट दिसल्याशिवाय दात काढायला होकार देऊ नये. काढलेला दात परत येत नाही.

या सगळ्या काळात मनात एक भीती घर करून होती आणि ती कर्करोगाची होती. मराठवाड्यात ही भीती पोकळ म्हणता येत नाही. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, तरी तंबाखू आणि सुपारी घरोघर आहेत आणि आमच्या आयाबायांमध्ये मिश्री लावण्याची सवय अजून गेलेली नाही. माझ्या माहेरच्या गल्लीतल्या एका काकूंचा जबडा मिश्रीपायी गेलेला मी लहानपणी पाहिला आहे. मला स्वतःला कसलेही व्यसन नाही, तरीही रात्री सगळे झोपल्यावर मी मोबाइलचा उजेड पाडून आरशात जीभ बघत असे. तिथे काही दिसत नसे आणि काही न दिसण्याने दिलासा मिळण्याऐवजी भीती अधिकच वाढे. एका डॉक्टरांनी "तुम्ही फार विचार करता, मनाचा आजार आहे" असे सांगून झोपेची गोळी लिहून दिली, त्या दिवशी मी बसमध्ये रडले होते.

माझी मुलगी छत्रपती संभाजीनगरला नोकरी करते. तिने फोनवर हट्टच धरला, "आई, आता तिकडे फिरणं बस झालं, तू इकडे ये." तिथल्या शासकीय दंत महाविद्यालयात तोंडाच्या रोगांचे निदान करणारा स्वतंत्र विभाग आहे. दातांच्या डॉक्टरांमध्येही जीभ, गालाची आतली त्वचा, लाळग्रंथी आणि चेहऱ्याच्या वेदना यांचाच अभ्यास करणारी ओरल मेडिसिन नावाची एक शाखा असते, हे मला तिथे गेल्यावर समजले. तोवर मी दात, घसा आणि पोट पाहणाऱ्यांकडे जाऊन आले होते. जीभ पाहणारे कोणी असते याची कल्पनाच नव्हती.

केसपेपर काढून आत गेल्यावर एका तरुण डॉक्टरांनी बराच वेळ प्रश्न विचारून सगळे लिहून घेतले. मग वरिष्ठ मॅडम आल्या आणि त्यांनी ते वाचून मला पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, पाळी कधी गेली तुमची?" तोंड उघडून पाहणाऱ्या कोणीही आजवर हा प्रश्न मला विचारलेला नव्हता. मी सांगितले, की वर्ष-दीड वर्ष अनियमित येत होती, काही महिने अंगावरून खूप जायचे आणि मग ती थांबली. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असे धरतात. आपल्या देशात साधारणपणे ४६-४७ व्या वर्षी ती जाते, म्हणजे माझे तसे उशिराच झाले होते. मॅडमचे पुढचे प्रश्न नेमके होते. आग रोज होते का, दिवसातून दोन तासांहून अधिक टिकते का, तीन महिन्यांहून जास्त काळ झाला का, दोन्ही बाजूंना सारखी आहे का, झोपेतून जागे करते का, खाताना कमी होते का. माझी उत्तरे ऐकताना त्या मान हलवत होत्या. कोणीतरी आपल्याला ओळखते आहे, असे मला फार दिवसांनी वाटले.

तरी त्यांनी लगेच निदान सांगितले नाही आणि आज मला तीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. बर्निंग माउथ सिंड्रोम हे नाव इतर सगळी कारणे तपासून बाजूला सारल्यावरच देता येते, असे त्या म्हणाल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तोंड आणि चेहऱ्याच्या वेदनांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही, दिसणारी त्वचा निरोगी असली पाहिजे आणि दुसरा कोणताही विकार आगीचे कारण ठरत नसला पाहिजे, अशी अट आहे. म्हणून आधी संपूर्ण तपासणी झाली. ओठ उलटवून, गाल ताणून, जीभ कापडाच्या तुकड्यात धरून दोन्ही बाजूंनी आणि खालून पाहिली. जिभेवरचा थर पुसून पाहिला, कारण बुरशीचा थर बहुधा पुसला जातो. तोंड किती उघडते ते मोजले. सुपारी खाणाऱ्यांमध्ये गालाची आतली त्वचा पांढुरकी आणि ताठर होते, तिखटाने आग होते आणि तोंड उघडणे हळूहळू कमी होत जाते. तो आजार वेगळा आणि तो कर्करोगाकडे झुकणारा असतो. माझ्यात त्याची काही चिन्हे नव्हती. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, एका बाजूचा बधिरपणा किंवा तोंड उघडायला त्रास यांपैकी काही असते, तर त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला असता, असे त्यांनी मला स्पष्ट शब्दांत सांगितले. माझ्या मनातली कर्करोगाची भीती त्या वाक्यानेच कमी झाली. "काही नाही" या शब्दांनी ती कधीच कमी झाली नव्हती.

लाळ मोजण्याची पद्धत मला नवीन होती. काही मिनिटे मान खाली घालून, न गिळता, खुणा असलेल्या नळीत लाळ सोडायची. माझी लाळ पुरेशी निघाली. तोंड कोरडे वाटणे आणि ते खरोखर कोरडे असणे यांत फरक आहे; या विकारात लाळ पुरेशी असूनही कोरडेपणा जाणवतो. मग औषधांची चौकशी झाली. रक्तदाबासाठी मी एनालाप्रिल घेत होते. त्या गटातल्या औषधांनी काही जणांना तोंडाची आग किंवा चवीतला बदल होतो, म्हणून फिजिशियनांना चिठ्ठी लिहून दुसऱ्या गटातले औषध सुरू करायला सांगितले. टूथपेस्ट बदलायला लावली, कारण फेस आणणारी आणि दालचिनीची चव देणारी काही द्रव्ये नाजूक त्वचेला चुरचुरतात. जिभेच्या कडांवर दातांचे ठसे दिसत होते, म्हणजे ताणात असताना मी जीभ दातांवर दाबून धरत होते, हे मला त्यांनी आरशात दाखवले. पुढे रक्ततपासण्यांची यादी होती: हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, फॉलिक आम्ल, जस्त, थायरॉइड आणि तीन महिन्यांची सरासरी साखर.

साखर आणि थायरॉइड चांगले निघाले. बी-१२ आणि फेरिटिन मात्र बरेच कमी होते. आमचे घर माळकरी आहे, मांस-अंडी नाहीत, आणि दुधातून मिळणारे बी-१२ मला पुरत नसावे. लोह कमी होण्याचे कारण मॅडमनी पाळीतच शोधले. पाळी जाण्याच्या आधी जे महिने अंगावरून जास्त गेले, त्यात शरीरातला साठा संपला होता. आपल्याकडे त्या काळातला रक्तस्राव बायका "जातानाचे असेच असते" म्हणून सोडून देतात. तसे सोडू नये, असे मला वाटते. त्याची तपासणी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे झालीच पाहिजे आणि नंतर रक्तही पाहिले पाहिजे. मला बी-१२ ची इंजेक्शने आणि लोहाच्या गोळ्या दिल्या आणि तीन महिन्यांनी बोलावले. या उपचाराने थकवा गेला आणि जिभेच्या कडांची जळजळ बरीच ओसरली. पण शेंड्याची आग, ती संध्याकाळची वाढ आणि ती कडू चव तशीच राहिली. रक्त भरून आले, रक्तदाबाचे औषध बदलले, टूथपेस्ट बदलली आणि तरीही जे उरले, त्याला मॅडमनी बर्निंग माउथ सिंड्रोम म्हटले.

त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून केसपेपरच्या मागच्या बाजूला जिभेची आकृती काढली आणि हे असे का होते ते समजावले. त्यांचे सांगणे आणि नंतर मी वाचलेले एकत्र करून लिहिते. जिभेच्या वरच्या थरात अत्यंत बारीक मज्जातंतूंची टोके असतात आणि उष्णता व वेदना तीच ओळखतात. इटलीतल्या संशोधकांनी २००५ साली अशा रुग्णांच्या जिभेचा सूक्ष्म तुकडा तपासला, तेव्हा ही टोके निरोगी माणसांपेक्षा विरळ झालेली आढळली. म्हणजे डोळ्यांना त्वचा निरोगी दिसते, पण तिच्यातले तंतू आजारी असतात. उरलेल्या तंतूंवर टीआरपीव्ही-१ नावाचे ग्राहक, म्हणजे संवेदना टिपणारे प्रथिनांचे रेणू (रिसेप्टर), वाढलेले आढळतात. ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता हाच ग्राहक टिपतो आणि मिरचीतले कॅप्सेसिनही त्यालाच चेतवते. म्हणूनच मिरची थंड असली तरी तोंड भाजते. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली हा ग्राहक शोधला आणि २०२१ साली त्यांना अर्डेम पॅटापूटियन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या घरात ठेचा आणि येसराची आमटी रोज आहे, तिथल्या बाईला तोंडात मिरची नसतानाही मिरचीची आग का होते, याचे उत्तर मला या एका ग्राहकात मिळाले.

आता पाळीचा संबंध. इस्ट्रोजेन हे केवळ गर्भाशयाचे संप्रेरक नव्हे. तोंडाच्या आतल्या त्वचेत आणि लाळग्रंथींमध्येही त्याचे ग्राहक असतात. बीजाशयातून (म्हणजे अंडाशयातून) आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून निघणारी काही संप्रेरके मज्जातंतूंना सांभाळण्याचे काम करतात. पाळी जाताना बीजाशयाचा पुरवठा आटतो. त्याच वेळी दीर्घ काळच्या ताणाने दुसऱ्या ग्रंथींचे कामही विस्कळीत झालेले असेल, तर तंतूंचे दुहेरी संरक्षण जाते आणि ते खराब होऊ लागतात, अशी एक उपपत्ती आहे. चव वाहून नेणाऱ्या नसा एरवी वेदनेच्या नसांना आवर घालतात. त्या दुबळ्या झाल्या, की तो आवर सुटतो. माझी बिघडलेली चव आणि आग एकत्र का आल्या ते यावरून मला पटले. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये कितीतरी अधिक आढळतो आणि तो बहुधा पाळी जाण्याच्या आधीच्या तीन वर्षांपासून नंतरच्या बारा वर्षांपर्यंत सुरू होतो. मात्र पाळी सगळ्यांचीच जाते आणि आग थोड्यांनाच होते, म्हणून संप्रेरकांचा बदल हे एकमेव कारण म्हणता येत नाही, हेही मॅडमनी तितक्याच ठामपणे सांगितले.

माझा पुढचा प्रश्न साहजिक होता: मग ते संप्रेरक बाहेरून घेतले तर? त्यांनी मला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. तिथल्या बाई डॉक्टरांचे म्हणणे असे, की संप्रेरकांचे उपचार अंगातून वाफा निघणे, रात्री घाम येणे आणि हाडांची झीज यांवर गुणकारी आहेत, पण तोंडाच्या आगीबाबत अनुभव एकसारखा नाही; काहींना आराम पडतो, अनेकांना पडत नाही, आणि केवळ त्यासाठी ते देण्याचा प्रघात नाही. माझ्या सख्ख्या मावशीला स्तनाचा कर्करोग झाला होता आणि मला वाफांचा त्रासही फारसा नव्हता. आम्ही दोघींनी मिळून ते न घेण्याचे ठरवले.

तिथल्या ओपीडीच्या बाकावर बीड जिल्ह्यातली एक ऊसतोड करणारी बाई माझ्या शेजारी बसली होती. माझ्याहून खूपच लहान. ती म्हणाली, "मला बी तोंडात आग व्हायलीय बाई, पण पाळीचं म्हणाल तर माझी पिशवी केव्हाच काढली." तिशी उलटण्याच्या आधीच तिची शस्त्रक्रिया झाली होती. बीडमधल्या या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली होती आणि सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली होती. पिशवीबरोबर बीजाशयही काढले, तर संप्रेरके एका दिवसात बंद होतात. बीजाशय ठेवले, तरी त्यांचे काम लवकर थांबण्याची शक्यता वाढते. या बायकांच्या पोटाचे काय झाले याची निदान मोजदाद तरी झाली. त्यांच्या हाडांचे, झोपेचे आणि तोंडाचे पुढे काय झाले, हे विचारायला त्यांच्या टोळीवर कोण जाणार, हा विचार मला आजही सोडत नाही. त्या बाईच्या तपासणीत साखर फार वाढलेली निघाली. मधुमेहावर औषध सुरू झाल्यावर तिची आग पुष्कळ कमी झाल्याचे तिने मला फोनवर सांगितले. म्हणजे तिचे आणि माझे दुखणे सारखे वाटत असूनही वेगळे होते. तिलाही माझ्यासारखीच औषधे दिली असती, तर साखर तशीच वाढत राहिली असती.

माझ्या उपचाराआधी मॅडमनी जिभेवर बधिर करणारी जेल लावून पाहिली. आग कमी झाली. बधिर केल्यावर आग कमी झाली तर बिघाड मुख्यतः जिभेतल्या तंतूंत असतो आणि तशीच राहिली तर मेंदूच्या बाजूचा वाटा अधिक असतो, असा त्यामागचा तर्क आहे. म्हणून मला तोंडातच काम करणारे औषध देण्याचे ठरले. क्लोनाझेपामची गोळी जिभेवर विरघळवायची, ती लाळ तीन मिनिटे आग होणाऱ्या जागी फिरवायची आणि गिळायची नाही, थुंकून टाकायची. फ्रान्समध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा, चौदा दिवस, अशाच रीतीने दिली होती आणि औषधाचा गुण औषध नसलेल्या, नुसत्या नावापुरत्या गोळीपेक्षा अधिक आला होता. मला त्याहून कमी मात्रेने सुरुवात करून दिली. हे औषध चिठ्ठीशिवाय घेण्याचे नाही. त्याची सवय लागू शकते, गुंगी येते आणि ते एकाएकी बंद करता येत नाही. सुरुवातीचे काही दिवस मी शाळेत स्कूटी नेली नाही, यजमान सोडायला येत. पंधरवड्यात संध्याकाळची आग जाणवण्याइतकी उतरली.

अल्फा लिपोइक आम्लाच्या ६०० मिलिग्रॅमच्या गोळ्याही मी घेतल्या. काही अभ्यासांत त्यांचा उपयोग दिसतो, काहींत दिसत नाही. मला दिसला नाही आणि त्या थांबवल्या.

समुपदेशनाचे मात्र वेगळे आहे. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, असे मॅडम म्हणाल्या तेव्हा जुना घाव ताजा झाला. त्यांना ते कळले असावे. त्यांनी समजावले, की तुमचे दुखणे मनाने तयार केलेले नाही, ते तंतूंचे आहे. पण सतत येणाऱ्या वेदनेकडे मेंदू जितके लक्ष देतो तितकी ती मोठी होते आणि ते लक्ष वळवण्याचे शिक्षण देता येते. मी गेले. तिथे मला आगीची नोंद ठेवायला शिकवले: दिवसातून ठरावीक वेळा शून्य ते दहा या मापात आकडा लिहायचा आणि शेजारी त्या वेळी काय चालले होते ते. काही आठवड्यांनी वहीतून दिसले, की मासिक अहवालांच्या आणि परीक्षांच्या दिवसांत आकडे वर जातात, जीभ दातांवर दाबली जाते आणि त्याने आग वाढते. जीभ टाळूला हलकी टेकवून, दात सुटे ठेवून, सावकाश श्वास सोडण्याचा सराव मी आता वर्गात उभी असतानाही करते. आरशात जीभ पाहणे आठवड्यातून एका ठरावीक वेळेपुरते ठेवले आणि पुढे त्याची गरजच उरली नाही.

स्वयंपाकघरात फार उलथापालथ केली नाही. ठेचा आणि येसर माझ्या ताटातून काही काळ गेले. त्यांच्या जागी वरण, दह्याबरोबर धपाटे आणि ज्वारीची आंबील आली. लिंबू, टोमॅटोसारखे आंबट मला चुरचुरते, पण ताजी, फार न आंबलेली आंबील चालते. येळवशीला (वेळ अमावस्येच्या सणाला) शेतात सगळ्यांबरोबर बसून मी ती पोटभर प्याले आणि भज्जीही खाल्ली, त्या दुपारी वहीत लिहिलेला आकडा दोन होता. थंड पाण्याचे घोट आणि बिनसाखरेचे च्युइंगगम उपयोगी पडतात. दारू असलेले माउथवॉश टाळावे लागते.

आग पूर्ण गेलेली नाही. हा विकार आपोआप पूर्ण बरा होण्याचे प्रमाण थोडे आहे, बहुतेकींना वर्षानुवर्षे तो कमी-अधिक होत सोबत राहतो, हे मॅडमनी पहिल्यांदाच सांगून ठेवले होते आणि त्या स्पष्टपणाचा मला त्रास झाला नाही. पूर्वी संध्याकाळी आठ-नऊ असणारा आकडा आता तीनच्या आसपास राहतो, सुट्टीच्या दिवशी त्याहून कमी. मी पुन्हा सलग तास घेते आणि मुलांकडून कविता म्हणून घेताना स्वतःही म्हणते. आमच्या केंद्रातल्या दुसऱ्या एका बाईंची पाळी नुकतीच थांबली आहे आणि त्यांना ओठाच्या आत जळजळ सुरू झाली आहे. त्यांना मी माझ्या तपासण्यांची यादी लिहून दिली, चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटे सोबत न्यायला सांगितली आणि तोंड पाहणाऱ्या डॉक्टरांना पाळी कधी गेली ते न विचारताच सांगा, असेही बजावले. त्यांच्या रक्ताचे नमुने गेले आहेत. माझी दुपारची गोळी मॅडमच्या सल्ल्याने हळूहळू कमी होते आहे. पुढच्या भेटीपर्यंत आकडा तीनवर टिकला, तर ती बंद करून फक्त रात्रीची ठेवायची असे ठरले आहे.